रखरखत्या उन्हात कीटक तग कसे धरतात? वाळू, वारूळ, पोळं, ओढा आणि शेत

कोरडवाहू

विदर्भात पारा ४४ वर गेला की बातमीत तो आकडा येतो. पण ते तापमान कुठलं? हवामान केंद्रातल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या हवेचं. त्या उंचीवर, सावलीत, वाहत्या हवेत राहणारे कीटक थोडेच. त्याच दुपारी उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे गेलेला असतो, आणि त्याच जागी ३० सेंमी खाली दिवस-रात्रीचा फरक जेमतेम एखाद-दोन अंशांचा उरतो. एका वावरात, हातभर अंतरात, इतकी वेगवेगळी हवामानं असतात. कीटक त्यातलं कुठलं निवडतो, कुठल्या वेळी निवडतो, यावर त्याचं जगणं ठरतं.

दुसरी गोष्ट आकाराची. दहा मिलिग्रॅमच्या मुंगीचं अंग तापायला किंवा निवायला काही सेकंद पुरतात. वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग खूप मोठा, म्हणून उष्णता लवकर आत येते आणि पाणीही लवकर उडून जातं. बहुतेक कीटकांची सहनशक्ती ४० ते ५० अंशांच्या दरम्यान कुठेतरी संपते: आधी चाल बिघडते, मग पाय आखडतात, मग प्रथिनांची घडी मोडते. त्यामुळे उन्हाशी झुंजताना कीटकाला दोन खाती सांभाळावी लागतात, एक उष्णतेचं आणि एक पाण्याचं. पाणी मिळत असेल तर ते उडवून अंग गार ठेवता येतं. मिळत नसेल तर लपणं, पळणं, ऊन परतवणं एवढेच मार्ग उरतात.

अधिवासानुसार हे हिशेब कसे बदलतात ते जाणकारांनी इथे लिहावं. आकडे असतील तर उत्तम. शेती, मधमाशीपालन, रेशीम यात त्याचा उपयोग कसा होतो तेही यावं.

वाळुकण

सगळ्यात कठीण जागेपासून सुरुवात करतो. सहारातली रुपेरी मुंगी, शास्त्रीय नाव कॅटाग्लिफिस बॉम्बिसिना. ही भरदुपारी बाहेर पडते, आणि तेही दिवसातला फार थोडा वेळ. उन्हाने मेलेले किडे गोळा करणं हा तिचा धंदा. व्हेनर आणि मार्श यांनी १९९२ मध्ये तिच्या वेळेचं गणित मांडलं. वाळूचा पृष्ठभाग साधारण ४६-४७ अंशांवर गेला की तिला खाणारा सरडा बिळात शिरतो, आणि तेव्हाच मुंग्या बाहेर येतात. ५३ अंशांच्या आसपास तिची स्वतःची मर्यादा येते. खालून सरडा आणि वरून ऊन, यांच्यामधल्या सहा-सात अंशांच्या फटीत ती जगते.

यासाठी तिच्याकडे काय काय आहे?

अंगावरचे केस. त्यांचा छेद गोल नसून त्रिकोणी आहे. त्यामुळे दिसणारा प्रकाश आणि त्यालगतचं अवरक्त किरण आतल्या आत परावर्तित होऊन परत फिरतात. शिवाय हेच केस अंगातली उष्णता लांब तरंगलांबीच्या अवरक्त रूपात आकाशाकडे टाकायला मदत करतात. पोटाच्या खालच्या बाजूला असे केस नाहीत, म्हणून तापलेल्या वाळूकडून येणारी उष्णता तिथे कमी शोषली जाते. हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. केस काढलेल्या मुंगीपेक्षा केस असलेली मुंगी काही अंशांनी थंड राहते असं त्यात मोजून दाखवलं आहे.

वेग. २०१९ मधल्या मोजणीत ही मुंगी सेकंदाला सुमारे ८५ सेंमी धावली, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या शंभरपट अंतर एका सेकंदात. जलद पळालं की अंगावरून वारा वाहतो आणि पाय वाळूला क्षणभरच टेकतात.

आणि तयारी. पेशीतली प्रथिनं उष्णतेने मोडू नयेत म्हणून जी राखणदार प्रथिनं लागतात, ती बहुतेक कीटक तापल्यावर बनवायला घेतात. ही मुंगी ती वारुळातून बाहेर पडण्याआधीच बनवून ठेवते. बाहेरची फेरी काही मिनिटांची असते. तापल्यावर बनवायला घेतली तर ती तयार होईपर्यंत मुंगी मेलेली असेल.

नामिब वाळवंटातल्या ऑसिमर्मेक्स मुंग्या वेगळी पद्धत वापरतात. थोडं धावायचं, मग वाळलेल्या गवताच्या काडीवर किंवा खड्यावर चढून अंग निववायचं, परत उतरायचं. वाळू जितकी तापलेली तितक्या या विसाव्याच्या फेऱ्या जास्त. काडीच मिळाली नाही तर त्यांचा पल्ला एकदम आखडतो.

अनघा_र

पायांच्या लांबीने खरंच किती फरक पडतो? चार-पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही ना?

वाळुकण

अनघाताई, तापलेल्या जमिनीलगतची हवा थरांची असते. अगदी चिकटलेला थर जवळपास जमिनीइतकाच तापलेला, आणि वर जाताना पहिल्या काही मिलिमीटरमध्येच तापमान झपाट्याने उतरतं. दहा अंशांचा फरक एवढ्यात पडू शकतो. म्हणून कॅटाग्लिफिस मुंग्यांचे पाय इतर मुंग्यांच्या मानाने लांब असतात आणि काही जाती धावताना पोट वर उचलून धरतात. नामिबमधले काळे भुंगेरे आणि नदीकाठच्या वाळूवरचे शिकारी वाघभुंगेरे दुपारी पाय ताणून अंग उंच करतात तेही याचसाठी. वाघभुंगेऱ्याला तेवढ्याने भागेनासं झालं की तो ओल्या वाळूवर सरकतो किंवा सावली गाठतो. क्रम ठरलेला असतो: आधी उंची, मग ओल, मग सावली, शेवटी बीळ.

आणखी एक सुंदर उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या शेणकिड्यांचं. शेणाचा गोळा ढकलत नेताना जमीन ५० अंशांच्या वर असेल तर किडा वारंवार गोळ्यावर चढून बसतो. गोळा ओला असतो आणि त्यातलं पाणी उडत असल्याने तो जमिनीपेक्षा बराच थंड राहतो. २०१२ मध्ये हे उष्णताचित्रक कॅमेऱ्याने मोजलं गेलं. वर चढल्यावर दहा सेकंदांत पुढच्या पायांचं तापमान सुमारे सात अंशांनी उतरतं. संशोधकांनी काही किड्यांच्या पायांत सिलिकोनचे बूट चढवले, तेव्हा त्यांचं वर चढणं कमी झालं. म्हणजे चढण्याचं कारण पायांना बसणारा चटकाच होता.

सडा_कातळ

वाळुकण, शेणाच्या गोळ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण तिथे पाण्याचं खातं येतं. कोरडवाहूंनी विदर्भाचं उदाहरण घेतलं, मी कोकणाचं घेतो.

नागपूरच्या बाजूला मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरा. रत्नागिरीत ३४ अंश आणि ७० टक्के. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक, म्हणजे पाणी उडवून जास्तीत जास्त किती गार होता येईल त्याची मर्यादा, नागपुरात सुमारे २३ दाखवेल आणि रत्नागिरीत सुमारे २९. म्हणजे पाणी हाताशी असेल तर नागपूरच्या कीटकाला २१ अंश उतरायला वाव आहे, रत्नागिरीच्या कीटकाला फक्त ५. कोकणातली हवा कमी तापते, पण घाम गाळून तिथे फारसं साधत नाही.

घाम हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटातला एक सिकाडा, डिसेरोप्रॉक्टा अपाचे, खरोखर घाम गाळतो. हवा ४० अंशांच्या वर असताना, पक्षी आणि भक्षक गांधीलमाश्या सावलीला बसलेल्या असताना, नर झाडावर गात राहतो. त्याच्या छाती-पोटावरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येतं आणि उडून जातं, त्यामुळे अंग हवेपेक्षा काही अंश थंड राहतं. टूलसन आणि हॅडली यांनी १९८० च्या दशकात हे उलगडलं. भोवतालची हवा दमट केली की गारवा थांबतो. हे त्याला परवडतं कारण त्याची सोंड झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळीत रुतलेली असते. तोच किडा झाडावरून काढून कोरड्या डबीत ठेवला तर थोड्याच वेळात सुकतो. म्हणून सिकाडा, मावा, तुडतुडे अशा रस शोषणाऱ्या कीटकांवर उष्णतेचे प्रयोग करताना त्यांना झाडावरच ठेवावं लागतं. डबीतली मर्यादा आणि झाडावरची मर्यादा एक नसते.

मोहोळ

पाण्याच्या खात्याचा सगळ्यात मोठा व्यवहार मधमाश्यांच्या पोळ्यात चालतो. सविस्तर लिहिते, कारण एप्रिल-मेमध्ये पेट्या रिकाम्या होण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

पिल्लावा (अंडी, अळ्या, कोश) असलेल्या भागाचं तापमान ३३ ते ३६ अंशांत ठेवावं लागतं. त्यापेक्षा जास्त वेळ वर गेलं तर कोशातली पिल्लं मरतात किंवा पंख वाकडे असलेल्या माश्या निघतात. मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, पण ४० च्या वर ते इतकं मऊ होतं की मधाने भरलेली नवी पोळी स्वतःच्या वजनाने खचते. जुनी, काळपट पोळी त्यातले कोशांचे अस्तर साचल्यामुळे जास्त टिकतात.

गरम व्हायला लागलं की माश्यांच्या कामांचा क्रम असा: पिल्लाव्यावरची गर्दी पांगते. दारात पंख्यासारख्या उभ्या राहून माश्या हवा खेळवतात. पाणी आणणाऱ्या माश्या वाढतात, आणि आतल्या माश्या ते पाणी पोळ्यातल्या घरांच्या तोंडाशी थेंबाथेंबाने लावतात किंवा जिभेवर पातळ पसरून उडवतात. एवढ्याने भागलं नाही तर निम्म्या माश्या पेटीबाहेर येऊन दाढीसारख्या लोंबतात. मेलिफेराची (पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीची) भरलेली वसाहत कडक उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर पाणी वापरू शकते.

सातेरी (आपली देशी, आशियाई मधमाशी) आणि मेलिफेरा यांच्या पंखा घालण्यात फरक आहे, तो पेटी ठेवताना लक्षात घ्यावा. मेलिफेरा दाराकडे तोंड करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. सातेरी दाराकडे पाठ करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. म्हणजे सातेरीच्या दारासमोरची जागा तापलेली फरशी, पत्रा किंवा उघडा कातळ असेल तर ती तीच भट्टीची हवा आत घेत राहणार. तिथे गवत किंवा ओल हवी.

करायच्या गोष्टी: पेटीवर दुपारी बारानंतरचं, विशेषतः पश्चिमेचं ऊन येऊ देऊ नका. झाडाची सावली सर्वात चांगली. ती नसेल तर पेटीच्या वर वीतभर अंतर सोडून गवताचं किंवा तुराट्यांचं छप्पर करा. पत्रा थेट झाकणावर ठेवू नका. पाण्याची उथळ थाळी ५०-१०० मीटरच्या आत, तीत खडे किंवा गोणपाट, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. ही थाळी उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच ठेवा. माश्यांना एकदा दूरच्या टाकीची सवय लागली की नवी थाळी त्या लवकर धरत नाहीत. एक दिवस कोरडी पडली तरी त्या सोडून जातात. झाकणावर ओलं गोणपाट टाकायचं तर हवेची भोकं झाकली जाणार नाहीत असं टाका. भोकं झाकून ओलं केलं तर आत दमट होतं, पाणी उडायचं थांबतं, आणि गारव्याऐवजी गुदमर होतो. सडा_कातळ यांनी वर मांडलेला हिशेब पेटीच्या आतही तसाच लागू आहे. पेटी दुपारी उघडू नका. स्थलांतर रात्री करा, आणि दार बंद करताना जाळी लावा, लाकडी पट्टी नको. बंद पेटीत घाबरलेल्या माश्यांच्या अंगाची उष्णताच पोळी वितळवायला पुरते.

सातेरीला पाणी आणि सावली दोन्ही कमी पडलं तर ती पेटी सोडून जाते. काही दिवस आधी चिन्हं दिसतात: राणीची अंडी कमी, परागाची आवक बंद, मध घटत चाललेला. तेव्हा साखरपाण्यापेक्षा आधी सावली बघा.

आग्या मोहोळाला तर पेटीही नाही. उघड्यावर लटकलेल्या एका पोळ्यावर माश्यांचे अनेक थर पडद्यासारखे असतात. ऊन तापलं की पडदा सैल होतो, हवा आत जाते. थंडीत तो घट्ट होतो. सामूहिक उड्डाणं करून विष्ठा टाकण्यामागेही अंगातली उष्णता कमी करण्याचा भाग असावा असं काही संशोधकांनी मांडलं आहे.

कोरडवाहू

मोहोळताई, यात एक भर. आशियाई मधमाशी उष्णता हत्यार म्हणूनही वापरते. जपानमध्ये तिच्या पोटजातीवर झालेल्या अभ्यासात शेकडो माश्या मोठ्या गांधीलमाशीला गोळ्यात घेरतात आणि छातीचे स्नायू थरथरवून आतलं तापमान सुमारे ४६-४७ अंशांवर नेतात. गांधीलमाशी मरते, मधमाश्यांची मर्यादा त्याहून दोन-तीन अंश वर असल्याने त्या तगतात. गोळ्यातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे गांधीलमाशीची सहनशक्ती आणखी उतरते. गोळा म्हणजे दोन-तीन अंशांच्या फरकावर लढलेली लढाई आहे.

वारूळवाट

वाळवीबद्दल एक समज सगळीकडे आढळतो, वारूळ म्हणजे वातानुकूलित घर. तो नीट तपासायला हवा.

आपल्याकडे माळावर, शेताच्या बांधावर दिसणारी उभ्या कंगोऱ्यांची उंच वारुळं बहुतेक ओडोंटोटर्मिस ओबेसस या वाळवीची. यांना बाहेर उघडणारं मोठं तोंड नसतं. मध्ये एक उभी पोकळी, आणि बाहेरच्या कंगोऱ्यांत पातळ भिंतीआड उभ्या नळ्या. किंग, ओको आणि महादेवन यांनी बेंगळुरूतल्या वारुळांत हवेचा वेग मोजला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसा कंगोरे लवकर तापतात, त्यातली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री कंगोरे लवकर निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. वेग सेकंदाला काही सेंटिमीटर इतका मंद. कार्बन डायऑक्साइड दिवसा आत साचतो आणि रात्री निघून जातो. भिंत सच्छिद्र असल्याने वायूंची देवघेव तिच्यातून होते.

म्हणजे दिवस-रात्रीच्या तापमानाच्या फरकावर वारूळ श्वास घेतं. त्याचा पहिला उपयोग हवा बदलणं. घरट्याचं तापमान मुख्यतः भोवतालच्या मातीवर ठरतं, कारण राणीचा कक्ष आणि वाळवी खाण्यासाठी वाढवते त्या बुरशीच्या बागा जमिनीच्या पातळीवर किंवा खाली असतात. त्या बुरशीला ३० अंशांच्या आसपासची ऊब आणि जवळपास पूर्ण ओल लागते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, गोव्यात अळमी म्हणून विकली जाणारी छत्री याच बुरशीची.

उघड्यावर मातीच्या नळीतून चालणारी वाळवी ही त्याच हिशेबाचा दुसरा भाग. तिची त्वचा मऊ, पाणी धरून न ठेवणारी. नळी फोडली तर ऊन आणि कोरडी हवा दोन्ही तिला लवकर मारतात. म्हणून ती दुपारी नळी सोडत नाही आणि फुटलेली जागा आधी लिंपते.

माती खोल जाऊ देत नसेल तर काय होतं, त्याचं उत्तर उत्तर ऑस्ट्रेलियात आहे. डार्विनजवळच्या पूर येणाऱ्या सपाट मैदानांत अमिटर्मिस मेरिडिओनॅलिस ही वाळवी पातळ पाचरीसारखी वारुळं बांधते, उत्तर-दक्षिण रोखाने. सकाळ-संध्याकाळी रुंद बाजूवर ऊन पडतं, भरदुपारी फक्त धारेवर. जमिनीखाली पाणी भरत असल्याने तिला तळाला आसरा घेता येत नाही, म्हणून सगळा हिशेब तिला इमारतीच्या दिशेनेच सोडवावा लागतो.

ओहोळ

ओढ्या-नद्यांतल्या कीटकांचा प्रश्न वेगळा. पाणी ४४ अंशांवर जात नाही, पण ते तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी कीटकाची गरज वाढते. गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला जास्तीत जास्त विरघळणारा प्राणवायू २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० ला ७.६, ३५ ला ७ च्या आत.

ज्यांना पाण्यातूनच श्वास घ्यायचा आहे त्यांची पहिली कोंडी होते. मेफ्लायची पिल्लं पोटावरचे कल्ले जलद हलवू लागतात. स्टोनफ्लायची पिल्लं दगडाला धरून अंग वर-खाली करतात. ही हालचाल दिसली की पाणी त्यांना जड जातंय असं समजावं. वाहत्या, फेसाळत्या भागात ती टिकतात. प्रवाह तुटून डबकी झाली की तिथून आधी हीच नाहीशी होतात. पाणविंचू, पाठीवर पोहणारे ढेकणवर्गी कीटक आणि पाणभुंगेरे पृष्ठभागावरून हवा घेतात, म्हणून कोमट, गढूळ डबक्यातही टिकतात, आणि डबकं आटलं तर बरेचसे उडून दुसरीकडे जातात.

ओढ्याचा उन्हाळी अभ्यास करताना दुपारच्या एका नोंदीवर निष्कर्ष काढू नये. दुपारी शेवाळ प्रकाशसंश्लेषण करत असल्याने प्राणवायू भरपूर दिसतो. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, तो सगळ्यात खाली असतो. तापमान दुपारी तीनच्या सुमाराला आणि प्राणवायू पहाटे, असं दोन्ही मोजा, आणि डोहात वर व तळाशी वेगवेगळं. काठावरची करंज, जांभूळ, उंबर तोडली की पाण्याचं दुपारचं तापमान किती चढतं हे अशा नोंदींतूनच दिसतं.

पाणी पूर्ण आटल्यावरही जागेवर राहणारा एक कीटक आहे: आफ्रिकेतल्या कातळावरच्या उथळ खळग्यांतला पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी हा डास-सदृश माशीचा अळीसारखा डिंभ. खळगा सुकताना तो अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतो, वजनात पाणी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास उरतं, आणि या अवस्थेत तो १०० अंशांवरचं तापमानही मिनिटभर सोसतो. पाऊस आला की तासाभरात हालचाल करतो. एकच अट: सुकणं सावकाश, सुमारे दोन दिवसांत व्हायला हवं. झटकन सुकवला तर साखर तयार होत नाही आणि तो मरतो.

निशिगंध

छोट्या तीन नोंदी.

चतुर भरदुपारी काठीच्या टोकावर शेपटीसारखं पोट सूर्याकडे सरळ उभं करून बसतो. त्या अवस्थेत अंगावर पडणारं ऊन सर्वात कमी. सूर्य कलला की पोटाचा कोन बदलतो.

अ‍ॅनॉफिलीस स्टेफेन्सी, म्हणजे शहरी हिवतापाचा डास, गरम रक्त पिताना पोटाच्या टोकाला द्रवाचा थेंब धरून ठेवतो. तो उडताना पोटाची उष्णता नेतो. २०१२ मध्ये हे दाखवलं गेलं.

निळी-हिरवी मोठी माशी, क्रायसोमिया मेगासेफाला, तोंडातून थेंब बाहेर काढते, आत घेते, पुन्हा काढते. बाहेर असताना थेंब गार होतो, आत घेतल्यावर डोकं गार करतो. दमट हवेत हे वागणं कमी होतं. इथेही वरचाच हिशेब.

अनघा_र

शेतात आणि साठवणीत उष्णता कीड मारायला वापरतात, त्याबद्दल कोणी लिहाल का? उन्हात वाळवलेल्या तुरीत, हरभऱ्यात पुन्हा भुंगे का होतात?

कोरडवाहू

अनघाताई, कारण उघड्या अंगणात वाळवताना बाहेरचे भुंगे तापल्यावर चालत निघून जातात आणि दाण्याच्या आतली अळी-कोष वाचतात. दाण्याच्या आत मारक तापमान टिकायला हवं. चवळीच्या भुंग्यावरच्या प्रयोगांत ५७ अंश तासभर टिकलं तर सगळ्या अवस्था मेल्या. ६५ अंशांना पाच मिनिटं पुरली. आपल्या कडधान्याच्या भुंग्यांनाही हीच पद्धत चालते.

कृती: जमिनीवर वाळलेलं गवत किंवा भुसा पसरा, म्हणजे उष्णता मातीत जाणार नाही. त्यावर काळं प्लास्टिक. त्यावर कडधान्याचा दोन-तीन सेंटिमीटरचाच थर. वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा खाली दुमडून दगडांनी दाबा. स्वच्छ उन्हात सकाळी अकरा ते तीन. थराच्या मध्ये तापमापक घालून बघा, वरच्या प्लास्टिकखालची हवा मोजू नका, ती जास्त दाखवते.

बिघडतं कुठे? थर जाड झाला तर तळ तापत नाही. कडेतून वारा शिरला तर ४५-५० वर अडकतं, आणि त्यात भुंगे मरत नाहीत. कडधान्य ओलसर असेल तर प्लास्टिकखाली घाम धरतो, दाणा शिजल्यासारखा होतो आणि बियाणं असेल तर उगवण जाते. म्हणून आधी दाताने फोडून कटकन आवाज येईल इतकं वाळवून घ्या. नंतर सावलीत पूर्ण निवू द्या, मगच हवाबंद भरा. गरम भरलं की डब्याच्या भिंतीवर पाणी धरतं आणि बुरशी येते. आणि कणगीच्या फटी, जुनी पोती तशीच ठेवली तर नवे भुंगे तिथूनच येतात.

उन्हाळी नांगरटीचंही तत्त्व तेच. रब्बी निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये २०-३० सेंमी खोल, उताराला आडवी नांगरट करून ढेकळं उघडी ठेवली की मातीतले कोष पृष्ठभागावर येतात. काही उन्हाने सुकतात, काही बगळे, साळुंक्या, कावळे वेचतात. लगेच कुळव फिरवून जमीन सपाट केली तर फायदा जातो. हुमणी (मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी) मात्र याने पूर्ण संपत नाही. उन्हाळ्यात ती ओल शोधत नांगराच्या फाळाखाली जाते, आणि वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब, बाभूळ, बोरीवर येतात. तिला तिथे पकडायचं. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत दडते, म्हणून पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर सावलीत रचून ठेवले तर नांगरटीने तिला काही होत नाही.

रेशीमवाट

तुतीच्या रेशीमकिड्याला यातली एकही युक्ती येत नाही. तो पाळीव, उडत नाही, सावली शोधत नाही. म्हणून सगळं शेडला करावं लागतं. कोवळ्या अवस्थेला २७-२८ अंश आणि ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, शेवटच्या दोन अवस्थांना २४-२६ अंश आणि ७० टक्क्यांच्या आसपास. ३० च्या वर बराच वेळ गेला की खाणं मंदावतं, फ्लॅचेरी हा रोग वाढतो, कोष पातळ होतात.

पत्र्याच्या छपरावर चुना किंवा पांढरा थर, त्याखाली शेडनेट किंवा गवताचा दुसरा थर, खिडक्यांना ओली गोणपाटं. पाला पहाटे तोडा आणि ओल्या कापडाखाली ठेवा. किड्याचं पाणी फक्त पाल्यातून येतं, सुकलेला पाला म्हणजे त्याला तहान. दुपारचं खाणं कमी, रात्रीचं भरपूर. शेवटच्या अवस्थेत आर्द्रता ८० च्या वर गेली तर फवारे बंद करून दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा. ओल साचलेल्या गरम शेडमध्ये रोग कोरड्या शेडपेक्षा जलद पसरतो. कोष विणायला लागल्यावर गोणपाटं काढून घ्या, तेव्हा ६०-६५ टक्केच हवी.

वारूळवाट

राखणदार प्रथिनांबद्दल थोडं. १९६२ मध्ये इटलीत फेरुच्चिओ रिटोसा यांच्या ऊबपेटीचं तापमान वाढलं गेलं, आणि फळमाशीच्या लाळग्रंथींच्या गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे दिसले. ती उष्णता-आघात जनुकं. पुढे हीच यंत्रणा जवळपास सगळ्या सजीवांत सापडली. कीटकाला आधी थोडी, न मारणारी उष्णता दिली तर नंतरची मोठी तो जास्त सोसतो. त्यामुळे प्रयोगात तापमान मिनिटाला किती वाढवलं हे लिहिल्याशिवाय मर्यादेचा आकडा निरर्थक आहे.

दुसरं, मरण्याची मर्यादा आणि प्रजननाची मर्यादा वेगळी. २०२१ मध्ये ४३ जातींच्या फळमाश्यांवर झालेल्या कामात ११ जातींचे नर मरणाच्या मर्यादेच्या बऱ्याच खाली नपुंसक झाले. पिठातल्या लाल भुंगेऱ्यावर २०१८ मध्ये ४२ अंशांची पाच दिवसांची लाट दिली तेव्हा नरांची संतती निम्म्यावर आली. शेतात कीटक हिंडताना दिसतात म्हणून उष्णतेने त्यांचं काही बिघडलं नाही असं समजू नये. पुढची पिढी मोजा.

अनघा_र

घरच्या घरी नोंदी करायच्या असतील तर काय वापरावं?

ओहोळ

बारीक तारेचं थर्मोकपल (तारेच्या टोकाने तापमान मोजणारं साधन) आणि नोंदयंत्र. तार जितकी बारीक तितकं तिचं स्वतःचं तापणं कमी. जाड काळ्या टोकाचा तापमापक उन्हात धरला तर तो स्वतःचंच तापमान सांगतो. पृष्ठभागासाठी टोक मातीच्या एक-दोन मिलिमीटर आत दाबा, तार काही सेंटिमीटर मातीतून न्या. इन्फ्रारेड बंदूक मातीवर, पानावर ठीक चालते, पण पत्रा, चकचकीत पंख किंवा पाण्यावर सूर्य परावर्तित होत असेल तर फसवते. किड्याइतक्या लहान लक्ष्यावर ती वापरूच नका. दहा सेंटिमीटर अंतरावरूनही तिचा ठिपका किड्यापेक्षा मोठा असतो आणि ती भोवतालची माती मोजते.

एका जागी निदान पाच नोंदी एकाच वेळी घ्या: सव्वा मीटरवरची सावलीतली हवा, जमिनीपासून अर्धा सेंमी वर, उघडा पृष्ठभाग, झुडपाखालचा पृष्ठभाग, आणि १० सेंमी खोल माती. सोबत ओल्या-कोरड्या तापमापकाची जोडी. दर पंधरा मिनिटांनी, पहाटे पाच ते रात्री नऊ. किडा कुठे दिसला ते वेळेसह त्याच वहीत लिहा. झुडपाखालची आणि उघड्या जागेची नोंद शेजारी ठेवली की दुपारी बारा ते चारमध्ये माळावरचे किडे कुठे गेले याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.